टेन्शन, टेकडी आणि कुंदा

वर्ध्यात हल्ली डॉक्टरांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारचे रक्तदाब मोजतात आणि गोळी लिहून देतात. दुसऱ्या प्रकारचे रक्तदाब मोजतात, गोळी लिहून देतात, मग चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "जरा निसर्गात जात जा." या दुसऱ्यांची फी जास्त असते. निसर्ग फुकट असला तरी त्याचा पत्ता सांगणारा फुकट कसा असेल, असा विचार करून पेशंट पैसे देतो, बाहेर येतो आणि बायकोला विचारतो, "निसर्गात म्हंजे कुठी?"

प्रश्न रास्त आहे. पुणेकराला सिंहगड आहे, मुंबईकराला माथेरान आहे, आणि कोकणातल्या माणसापुढे तर निसर्गातून बाहेर कसं पडायचं हाच प्रश्न असतो. आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, धुकं नाही, आणि धबधबा म्हणावा असं पाणी पावसाळ्यात गच्चीच्या पायपातून पडतं तेवढंच. भिंतीवरच्या कॅलेंडरात बारा महिन्यांची बारा निसर्गचित्रं असतात. त्यात हिंगणघाट किंवा देवळीचा नंबर लागलेला मी तरी पाहिला नाही. मे महिन्यात मात्र आम्ही पेपरच्या पहिल्या पानावर असतो. पारा 46-47 वर गेला की चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा अशी यादी छापून येते आणि त्या यादीत आपलं गाव एखाद्या दिवशी खाली घसरलं तर चौकातल्या पोह्याच्या ठेल्यावर लोक मनापासून हळहळतात. "काल आपला नंबर होता न बाप्पा," असं म्हणत तर्रीची वाटी पुढं करतात. बाहेर सेहेचाळीस अंश, आत तर्री, आणि तक्रार काय, तर चंद्रपूर पुढं गेलं.

तेव्हा आमचा निसर्ग म्हणजे कडुनिंब, बाभूळ, पळस, सागवान, काळी माती आणि ऊन. पैकी ऊन मुबलक.

आणि तरीही गंमत बघा. गेल्या शतकात या देशातल्या सर्वांत जास्त व्याप असलेल्या माणसानं राहायला जागा निवडली ती हीच. गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले ती तारीख 30 एप्रिल 1936. मी वर्षापेक्षा महिन्याकडे जास्त बघतो. एप्रिलअखेर वर्ध्याचा माणूस चिखलदऱ्याच्या गाडीचं बुकिंग करतो, निदान माठ बदलतो. आणि हे सहासष्ट वर्षांचे गृहस्थ सिमला, पाचगणी, नैनिताल सगळं सोडून, जिथं धड रस्ता नाही अशा गावी येऊन राहिले. बेत असा होता, की खेड्यात एकट्यानं, शांतपणे, लोकांत मिसळून राहायचं.

एकट्यानं! पुढं काय झालं ते सेवाग्रामला जाऊन कुणीही बघावं. बापूंच्या शिष्या मीराबेन आधीपासूनच तिथं होत्या. मग मंडळी येऊ लागली. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आले, त्यांची शुश्रूषा बापू स्वतः करू लागले. मौनाच्या काळात तोंडून शब्द निघू नये म्हणून ओठ तारेनं शिवून घेतलेले भणसाळी आले. हे भणसाळी पुढं 1942 साली चिमूरला पोलिसांनी केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून त्रेसष्ट दिवस उपाशी राहिले, म्हणजे माणूस साधा नव्हता. पण अशा चार माणसांच्या शेजारी आपली झोपडी असली, तर आपल्याला किती शांतता लाभेल याचा ज्यानं त्यानं विचार करावा. त्यात काँग्रेसची कार्यकारिणी यायची, परदेशी पत्रकार यायचे, आपलं पोट बिघडल्याचं सविस्तर सांगणारे भक्त यायचे. शांतता शोधायला गेलेल्या माणसाच्या मागोमाग अख्खा देश बैलबंडीत बसून आला.

एवढ्यानं भागलं नाही म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या सरकारनं तिथं टेलिफोन बसवून दिला. तो टेलिफोन आजही आश्रमात जपून ठेवलेला आहे. त्याच आवारात सापांचा लाकडी पिंजरा आणि साप पकडायचा लांब चिमटाही ठेवलाय. सेगावात साप भरपूर होते, आणि आश्रमाचा नियम असा की साप मारायचा नाही, चिमट्यानं धरून पिंजऱ्यात घालायचा आणि दूर रानात नेऊन सोडायचा. या दोन वस्तू पाहताना मला नेहमी वाटतं, सापाची सोय बापूंनी बरोबर केली होती. टेलिफोन धरायला चिमटा मात्र त्यांनाही सापडला नाही. आता तर तो जिल्ह्यातल्या प्रत्येकाच्या खिशात आहे आणि त्याला रानात नेऊन सोडण्याऐवजी आपण त्याच्यासकट रानात जातो.

एक शांतता मात्र काही वर्षं बापूंच्या वाट्याला फुकट आली होती. सेगाव आणि शेगाव ही नावं टपालखात्याला सारखीच वाटायची. त्यामुळं स्वातंत्र्यलढ्याचा टपाल-व्यवहार अधूनमधून बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांच्या गावी मुक्काम करून यायचा. शेवटी 1940 साली गावाचं नाव सेवाग्राम झालं आणि पत्रं वेळेवर येऊ लागली. नामांतराचा फायदा सगळे सांगतात, तोटा कुणी सांगत नाही.

पहिल्याच वर्षी गांधीजींना मलेरिया झाला. उन्हाळ्यात डोक्यावर ओलं फडकं, रक्तदाब वाढला की कपाळावर आणि पोटावर मातीच्या पट्ट्या. आपण निसर्गात जातो. ते निसर्ग थापून घेऊन कामाला बसत. आणि त्यांचे सचिव महादेवभाई देसाई? ते सुरुवातीला वर्ध्याला मगनवाडीत राहायचे. तिथून रोज पायी सेगाव आणि पायीच परत, जाऊनयेऊन दहा-अकरा मैल, वर्ध्याच्या उन्हात. पुढं त्यांचा रक्तदाब असा वाढला की त्यांना सक्तीनं विश्रांती घ्यावी लागली. एकाच्या शांततेचं बिल कधीकधी दुसऱ्याच्या नावावर फाटतं. हे मी माझ्या बायकोलाही सांगून पाहिलं. मी टेकडीवर फिरायला जातो तेव्हा घरी नळाला पाणी येतं आणि ते ती एकटी भरते, असं उत्तर मिळालं.

पण या विषयातला खरा अधिकारी माणूस विनोबा. 1938 साली विनोबांची तब्येत पार ढासळली होती. वजन उरलं होतं 88 पौंड. म्हणजे चाळीस किलो; मोंढ्यातलं सोयाबीनचं पोतंही याहून जड भरतं. गांधीजींनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, माझ्याजवळ राहा, मी तुझी सेवा करतो. यावर विनोबांनी चक्क हिशेब मांडला. बापूंना कामं ढीगभर, त्यात रुग्णसेवा हे एक; रुग्णही पुष्कळ, त्यात मी एक; म्हणजे माझ्या वाट्याला येऊन येऊन येणार किती? गांधीजींना नाही म्हणणारी माणसं त्या काळी फार नव्हती, आणि अपूर्णांकात नाही म्हणणारा तर एकच. विनोबांचं गणित पहिल्यापासून चांगलं होतं. मग बापूंनी थंड हवेच्या ठिकाणांचा विषय काढला. विनोबा म्हणाले, मी पवनारला जातो.

पवनार! वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यावर, अर्ध्या तासाच्या आत येतं. तिथं धाम नदीच्या काठी टेकाडावर जमनालालजी बजाजांचा लाल बंगला रिकामा होता. हवा बदलायची तर माणूस निदान जिल्हा तरी बदलतो. विनोबांनी फक्त नदी बदलली. मार्च महिन्यात मोटार धाम नदीच्या पुलावर आली आणि विनोबांनी मनाशी तीनदा म्हटलं, 'संन्यस्तं मया'. मी सोडलं, सोडलं, सोडलं. आश्रमाच्या कामाची काळजी, संस्थांची काळजी, माणसांची काळजी, जे काही डोक्यात होतं ते सगळं पुलाच्या अलीकडे ठेवलं आणि रिकाम्या डोक्यानं पलीकडे गेले.

मला या गोष्टीतला पूल सर्वांत आवडतो. निसर्ग पलीकडे होता, पण काम झालं ते पुलावर. आणि पलीकडे जाऊन तरी विनोबांनी काय केलं? नदीकडे बघत बसले नाहीत. कुदळ घेतली आणि खोदायला लागले. सुरुवातीला जेमतेम काही मिनिटं, कारण अंगात त्राणच नव्हतं. मग रोज थोडं थोडं वाढवत तासांवर गेले. बाकी खाणं साधं, झोप भरपूर, डोक्यात काही नाही. दहा महिन्यांत वजन 88 चं 128 पौंड झालं. आज असा निकाल कुणी दिला तर चौकाचौकात त्याचे फ्लेक्स लागतील, खाली पत्ता आणि 'पहिली भेट मोफत'.

खोदता खोदता जमिनीतून मूर्ती निघाल्या. पवनार हे वाकाटकांच्या काळातलं गाव, मातीखाली बरंच काही आहे. त्यात भरत-रामाच्या भेटीचं एक शिल्प निघालं. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली होती, त्यात अशाच भेटीच्या चित्राची कल्पना ते बोलून गेले होते, आणि इथं ती दगडात कोरलेली हाती आली. ते शिल्प आज आश्रमात आहे. आमच्याकडे घरासाठी पाया खोदताना नगरपालिकेची पाइपलाइन निघते. ज्याचं त्याचं नशीब.

(जमनालालजींचंही शेवटी असंच झालं. एवढे मोठे व्यापारी, काँग्रेसचे खजिनदार, पण शेवटच्या काळात गोपुरीत साध्या झोपडीत राहून गाईंची सेवा करू लागले. मनाला निवांतपणा मिळतोय असं वाटू लागलं आणि थोड्याच दिवसांत, 11 फेब्रुवारी 1942 ला गेले. यावर विनोद सुचत नाही, म्हणून पुढं जातो.)

त्याच धाम नदीवरून आता आमच्याही गाड्या जातात. विनोबांनी पुलावर सगळं सोडलं. आम्हाला पुलावर रेंज येते. पवनारला रविवारी संध्याकाळी नदीतल्या खडकांवर बसलेली माणसं बघावीत. उन्हाळ्यात नदीत पाणी कमी आणि खडक जास्त असतात, त्यामुळे बसायची सोय उत्तम. एक गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून, फोनवर ठेकेदाराला सेंट्रिंगच्या प्लेटांबद्दल झापत असतात. पाय शांत, तोंड चालू. जवळच एक मावशी डोळे मिटून "किती शांत वाटते नं इथं!" असं इतक्या मोठ्यानं म्हणतात की पलीकडच्या काठावरचे बगळे उडतात. दोन मुलं बारावीनंतरच्या परीक्षेचे क्लास कोणते चांगले यावर वाद घालतात. त्यांच्या आयांनी त्यांना 'मन मोकळं करायला' आणलेलं असतं आणि त्या आया मागच्या खडकावर बसून त्याच क्लासच्या फीबद्दल बोलत असतात. एका पिशवीतून गोरसपाकाचा पुडा निघतो. तो फुटला की सगळे गप्प होतात. धाम नदीकाठी मी ऐकलेली निर्भेळ शांतता तेवढीच, कारण गोरसपाक तोंडात असताना बोलता येत नाही. बोललं तर भुगा उडतो.

रोजच्या रोज निसर्ग लागणाऱ्यांसाठी गावात हनुमान टेकडी आहे. एकेकाळी ही बोडकी होती. गावातल्या डॉक्टरांनी आणि इतर मंडळींनी खड्डे खणून, टँकरनं पाणी घालून, एकेक झाड जगवत ती हिरवी केली. मुरमाड टेकडीवर, आमच्या उन्हात झाड जगवणं म्हणजे काय हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. निसर्गात जा सांगणाऱ्या डॉक्टरांपेक्षा आधी निसर्ग लावून मग जा म्हणणारे डॉक्टर मला जास्त भरवशाचे वाटतात.

अडचण टेकडीची नाही, चढणाऱ्यांची आहे. पहाटे साडेपाचला जो गट वर जातो त्यात निवृत्त मंडळी जास्त. खाली पायथ्याशी असताना हे लोक 'राम राम', 'कसं काय', 'रात्री झोप झाली का' एवढंच बोलतात. चढ सुरू झाला की सोयाबीनचा भाव. अर्ध्यावर आठवा वेतन आयोग. वर पोचेपर्यंत एकाच्या मुलाचं पुण्यातलं लग्न मोडलेलं असतं, दुसऱ्याच्या भावकीतली वाटणी कोर्टात गेलेली असते. मग सगळे सूर्याकडे तोंड करून रांगेत उभे राहतात आणि हात वर करून मोठ्यानं हसतात. हास्य क्लबचा नियमच आहे. हसून झालं की वाटणीचा विषय जिथं थांबला होता तिथून पुन्हा सुरू. मी एकदा सुचवून पाहिलं, की आपण निदान वर पोचल्यावर दहा मिनिटं गप्प बसू. सगळ्यांना पटलं. बसलो. दोन मिनिटांत एक काका अस्वस्थ होऊन म्हणाले, "असं चूप बसून राह्यलं का घरचं आठवते बाप्पा. बोलत राह्यलेलं बरं." बाकीच्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला, आणि वेतन आयोग पुन्हा लागू झाला.

मला टेकडीचं कौतुक वाटतं ते तिच्या बहिरेपणाचं. इतक्या वर्षांत तिनं इतक्या लोकांच्या तक्रारी ऐकल्या, पण एकालाही 'मी तुमच्या जागी असते तर' असं म्हणाली नाही. घरी, ऑफिसात, फोनवर, जो तो आपलं दुःख ऐकून घेऊन त्याहून मोठं दुःख परत करतो. कडुनिंब तसं काही करत नाही. तुमचं कर्ज थकलं असो, निकाल लागायचा असो, फाल्गुनात पानं गाळायची म्हणजे गाळायची, चैत्रात मोहर यायचा म्हणजे यायचा. आपल्याकडे इतकं दुर्लक्ष करणारी जागा दुसरीकडे पैसे मोजूनही मिळत नाही. बँकेत मिळतं म्हणा, पण ते वेगळं.

जास्त मोठ्या टेन्शनवर जास्त मोठा निसर्ग, असं मानणारे लोक बोरला जातात. सेलू तालुक्यातलं बोर अभयारण्य 2014 साली व्याघ्र प्रकल्प झालं. क्षेत्र तेव्हा जेमतेम 138 चौरस किलोमीटर, त्या वेळी देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत सर्वांत लहान. सागवान, बांबू, धरणाचं पाणी, सगळं सुंदर. पण जिप्सीत बसल्या क्षणापासून 'दिसते का?' हे नवं टेन्शन सुरू होतं. इथल्या एका वाघिणीचं नाव लोकांनी कॅटरिना ठेवलं होतं, त्यामुळे फाटकावर जाणकार गृहस्थ गंभीर चेहऱ्यानं "कॅटरिना दिसली का?" असं विचारत आणि त्यांची सौभाग्यवती शेजारी उभी राहून तितक्याच गंभीरपणे "नाई दिसली म्हंते" असं सांगे. मोर दिसतो, कुणी बघत नाही. सांबर दिसतं, "हे काय, हे त नेहमीचंच" म्हणतात. वाघ दिसला नाही तर पैसे वाया गेल्याचं टेन्शन, दिसला तर फोटो हलल्याचं. एकदा आमच्यापुढच्या गाडीला वाघ रस्त्यात आडवा बसलेला मिळाला. जागचा हलेना. जांभई दिली, पंजा चाटला, मान फिरवून झोपला. त्या जंगलात त्या वेळी निवांत असा तो एकटाच होता, आणि त्याला कुणी डॉक्टरनं पाठवलं नव्हतं.

पक्ष्यांच्या बाबतीत आमचं गाव जरा पुढचं आहे. 2018 साली वर्धेकरांनी शहराचा पक्षी कोणता हे ठरवायला निवडणूक घेतली. बहार नेचर फाउंडेशनच्या पुढाकारानं उमेदवार उभे राहिले, प्रचार झाला, शाळांतल्या पोरांनी हौसेनं मतं दिली आणि नीलपंख निवडून आला. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच हा, बसलेला असताना तपकिरी-मातकट दिसतो आणि उडाला की निळाईचा स्फोट होतो. निवडणुकीला आता बरीच वर्षं झाली. विजयी उमेदवार पूर्वी शेताकडेच्या विजेच्या तारेवर बसायचा, अजून तिथंच बसतो. किडे खातो. नातेवाइकाला कंत्राट दिलं नाही, पक्षी असून पक्षांतर केलं नाही. रस्त्यानं जाताना तो दिसला की माझा रक्तदाब खरोखर दोन अंकांनी उतरत असावा. मोजायला डॉक्टर जवळ नसतो एवढंच.

यंदा पळस फुलला तेव्हा डॉक्टरांनी माझ्या कागदावर 'निसर्ग' हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. म्हणून मी बायकोच्या मामांच्या शेतात गेलो. शेत सेलूच्या पुढं, बोरच्या बाजूला. वाटेत पळसाची झाडं पानं टाकून नुसती केशरी झाली होती. मामाजी कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. मी धुऱ्यावर उभं राहून दीर्घ श्वास घेतला, दोन्ही हात पसरले आणि म्हणालो, "किती शांत आहे हो मामाजी इथं!"

"हाव नं," मामाजी म्हणाले. "रातच्याले या. अजूकच शांत रायते. बाराच्या सुमाराले डुकराचा कळप शिरला का मंग पाहा कशी शांतता रायते त."

मग त्यांनी जागलीचं वर्णन केलं. हरभरा उभा असला की रात्ररात्र मचाणावर. डुकरं खालून उकरतात, रोही वरून खातात. डबा वाजवायचा, टॉर्च मारायचा, आरोळ्या ठोकायच्या. कुंपणाला झटका मशीन लावली, तर डुकरांनी दोन रात्रीत तिचा अभ्यास केला.

"तुमाले दाक्तर म्हंते निसर्गात जा," मामाजी म्हणाले. "आमाले दाक्तर म्हंते, जागलीले जाऊ नोका, थंडीनं छाती भरते. आता कोन्त्या दाक्तरचं आयकाव?"

त्यांना काळज्या नाहीत असं नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली तेव्हा त्यांनी उभ्या पिकात बैल सोडले होते. 2006 साली शेतकऱ्यांसाठीचं पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं त्यात वर्धा होता, आणि ते कशामुळं मिळालं हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळं 'शेतात कसं शांत वाटतं' हे वाक्य एकदा बोलून गेल्यावर मी ते पुन्हा बोललो नाही. पण मामाजी रोज दिवस कलला की एकटेच धुऱ्यावर जाऊन बसतात, हे मी पूर्वीपासून बघत होतो. म्हणून विचारलं, "संध्याकाळी तिथं बसून काय बघता?"

"काई नाई. वावर पाह्यतो."

"म्हणजे बरं वाटतं ना?"

"बरं कायचं वाटते? कुंदा दिसते."

ज्यांचं शेताशी नातं सातबाऱ्यापुरतं आहे त्यांच्यासाठी सांगतो. कुंदा हे काळ्या मातीतलं हट्टी गवत आहे. वखरानं निघत नाही, कापलं तर दुप्पट येतं. मुळं खोल. उन्हाळ्यात कुदळीनं खोदून, मुळ्या वेचून, वाळवून जाळावं लागतं. विदर्भातल्या शेतकऱ्याला कुठलाही सल्ला द्या, तो शेवटी कुंद्यावर येऊन थांबतो.

मी उत्साहानं त्यांना विनोबांची सगळी गोष्ट सांगितली. पूल, तीनदा म्हटलेलं वाक्य, कुदळ, 88 चे 128 पौंड. मामाजींनी मन लावून ऐकली. तंबाखू मळत विचारलं, "म्हंजे खोदूनच बरे झाले म्हंता?"

"खोदूनच."

मामाजी उठले, कोठ्यात गेले आणि कुदळ घेऊन आले.

"घ्या."

"अहो मामाजी, मी?"

"तसं जवायाले कामाले लावाव नाई. लोक नावं ठेवतीन. पन तुमी कुठी काम करून राह्यले? तुमी त तब्येत सुधरून राह्यले. थे पाहा, त्या बोरीपासून धरा. अन् फोन ठेवा माह्याजवळ."

फोन त्यांच्या हातात गेला, तेवढ्यात वाजला. मामाजींनी तो उलटा करून उशाखाली सरकवला आणि बाजेवर आडवे झाले. मी खोदायला लागलो. काळी माती वाळली की दगड होते, हे पुस्तकात वाचलेलं होतं. पहिल्या काही घावांत हातांनी, मग कमरेनं, मग जिथं काही आहे हेच माहीत नव्हतं अशा जागांनी आपापली ओळख करून दिली. बँकेचा हप्ता, मुलीचा निकाल, साहेबांचा मेमो यांतलं काही आठवायचा मी मधूनच प्रयत्न केला, पण तोवर एक मुळी हाताशी आली आणि ती कुठवर गेली आहे हे बघण्यात वेळ गेला. बरीच लांब गेली होती. घामानं डोळे चुरचुरत होते. बांधावर मुळ्यांचा हातभर ढीग झाला तेव्हा मी कंबर धरून सरळ झालो. तारेवर नीलपंख बसला होता. त्याला माझ्यात काही रस नव्हता. मी उकरलेल्या मातीतल्या किड्यांत होता.

मामाजी बाजेवरूनच म्हणाले, "कसं वाटते जवाईबापू? हलकं वाटते का नाई?"

"वाटतं."

"मंग उद्या लवकर या, ऊन चढाच्या आंधी," मामाजी कुशीवर वळले. "अन् तुमच्या त्या टेकडीवाल्या दोस्तायलेही घेऊन या. त्यायले त लयच टेन्शन हाय म्हंता नं? कुंदा पुरते सर्व्यायले."